लहान व्यवसाय व चांगले संकेतस्थळ

१. दुकानाची पाटी

कोणत्याही गावच्या बाजारपेठेतून फेरफटका मारला असता प्रत्येक दुकानावर एक पाटी लावलेली आढळते. ही पाटी दिसावयास साधी असली तरी ती एकाच वेळी तीन कामे करीत असते. दुकान कोणाचे आहे हे ती सांगते; तेथे काय मिळते हे ती सांगते; आणि दुकानदार आपल्या नावानिशी उघडपणे उभा आहे, माल वाईट निघाल्यास जाब कोणास विचारावयाचा हे निश्चित आहे, असा भरवसाही ती देते. हे तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे होय. ज्या दुकानास पाटी नाही तेथून मोठ्या किमतीची वस्तू घेण्यास शहाणा ग्राहक सहसा धजत नाही.

परंतु पाटीस एक मर्यादा असते. जो त्या रस्त्याने जातो त्यालाच ती दिसते. दुसऱ्या पेठेतील, दुसऱ्या गावातील किंवा दुसऱ्या देशातील ग्राहकाच्या दृष्टीने ते दुकान अस्तित्वातच नसते. ही मर्यादा दूर करण्याचे जे साधन गेल्या तीन-साडेतीन दशकांत जगापुढे आले, त्यास संकेतस्थळ किंवा रूढ शब्दांत वेबसाइट असे म्हणतात. मोठ्या कारखानदारांना दूरच्या ग्राहकापर्यंत पोहोचण्याचे मार्ग पूर्वीही उपलब्ध होते; वृत्तपत्रांतील जाहिराती व गावोगावचे विक्रेते त्यांच्या दिमतीस असत. लहान व्यावसायिकास मात्र असा मार्ग प्रथमच मिळाला आहे.

लहान व्यवसाय म्हणजे नेमका केवढा, हे भारतात कायद्याने ठरविलेले आहे. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार, ज्या उद्योगातील यंत्रसामग्री व उपकरणे यांमधील गुंतवणूक अडीच कोटी रुपयांपर्यंत आणि वार्षिक उलाढाल दहा कोटी रुपयांपर्यंत आहे तो सूक्ष्म उद्योग होय. लघुउद्योगासाठी ह्याच मर्यादा अनुक्रमे पंचवीस कोटी व शंभर कोटी रुपये अशा आहेत. शिंप्याचे दुकान, घरगुती लोणची-मसाल्यांचा उद्योग, सायकलदुरुस्तीची कार्यशाळा, चार खोल्यांचे विश्रांतिगृह हे सर्व पहिल्या वर्गात मोडतात. प्रस्तुत पुस्तिकेतील विवेचन प्रामुख्याने अशाच व्यवसायांविषयी आहे.

२. संकेतस्थळ म्हणजे काय?

स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा शहरानजीक सर्न नावाची अणुकेंद्रविषयक संशोधनसंस्था आहे. निरनिराळ्या देशांतून येणाऱ्या शास्त्रज्ञांची टिपणे निरनिराळ्या संगणकांवर विखुरलेली असत व ती एकमेकांस मिळणे कठीण जाई. ही अडचण दूर करण्यासाठी टिम बर्नर्स-ली ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९८९ साली एक योजना मांडली. एका लेखातील विशिष्ट शब्दावर बोट ठेवताच दुसऱ्या संगणकावरील संबंधित लेख पुढे उघडावा, अशी ती योजना होती. १९९० च्या अखेरीस पहिले संकेतस्थळ सर्नमधील एका संगणकावर सिद्ध झाले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र कोणत्याही मोबदल्याशिवाय सर्वांस खुले केले. ह्या एका निर्णयाचे महत्त्व मोठे आहे. त्या तंत्रावर स्वामित्वशुल्क आकारले गेले असते, तर आज एखाद्या खेड्यातील कुंभारास आपले संकेतस्थळ उभारणे परवडले नसते. भारतात सर्वसाधारण नागरिकांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली.

संकेतस्थळाचे तीन घटक असतात. पहिला घटक म्हणजे त्यावरील मजकूर व चित्रे. दुसरा घटक म्हणजे तो मजकूर ज्यावर साठविलेला असतो व जो दिवसरात्र चालू असतो असा संगणक. त्यास सर्व्हर म्हणतात. तिसरा घटक म्हणजे त्या जागेचे नाव; त्यास डोमेन नाव म्हणतात.

नावाची ही व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. जाळ्यातील संगणक एकमेकांस अंकांनी ओळखतात. परंतु लांबलचक अंक माणसाच्या ध्यानात राहत नाहीत. यास्तव १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस ह्या अमेरिकी शास्त्रज्ञाने नावांवरून अंक शोधून देणारी एक योजना तयार केली. ती एखाद्या अवाढव्य दूरध्वनी-निर्देशिकेसारखी आहे. फरक एवढाच की ती एका ठिकाणी नसून जगभर वाटलेली आहे. ग्राहकाने मोबाईलवर नाव लिहिताच ह्या निर्देशिकेतून अंक मिळतो, त्या अंकाच्या सर्व्हरकडे मागणी जाते, आणि तेथून पान परत येते. हे सर्व बहुधा एका सेकंदाच्या आत घडते.

भारतीय भाषांच्या दृष्टीने येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरी लिपीतील ‘.भारत’ हे नाव खुले झाले व मराठी, हिंदी, कोकणी इत्यादी भाषांत डोमेन नाव नोंदविणे शक्य झाले.

३. ग्राहक शोध कसा घेतो?

पूर्वी नव्या शहरात गेलेला माणूस चांगला घड्याळजी कोठे आहे हे पानवाल्यास किंवा शेजाऱ्यास विचारी. हल्ली तो हाच प्रश्न मोबाईलमधील शोधयंत्रास विचारतो. शोधयंत्राचे कार्य तीन टप्प्यांत चालते. प्रथम त्याच्या स्वयंचलित आज्ञावली एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात असंख्य पाने वाचून काढतात. नंतर, ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते त्याप्रमाणे, कोणता शब्द कोणत्या पानांवर आला आहे ह्याची एक प्रचंड सूची तयार होते. शेवटी ग्राहकाने प्रश्न विचारला म्हणजे त्या सूचीतून जुळणारी पाने काढून त्यांचा क्रम लावला जातो. १९९८ साली लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी गूगल ही कंपनी स्थापन केली. एखाद्या पानाकडे किती पानांनी व कोणत्या योग्यतेच्या पानांनी दुवा दिला आहे यावरून त्याचे महत्त्व ठरवावे, ही त्यांच्या पद्धतीमागील मूळ कल्पना होती. आज क्रम लावताना ह्याखेरीज इतरही पुष्कळ गोष्टींचा विचार होतो.

ह्यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. जे लिहिलेले नाही ते सूचीत येत नाही, आणि जे सूचीत नाही ते ग्राहकास सापडत नाही. एखादा कारागीर तांब्याच्या भांड्यांस कल्हई करण्यात कितीही निष्णात असो. ‘कल्हई’ हा शब्द, त्याच्या गावाचे नाव व त्याचा पत्ता एकत्र कोठेच लिहिलेला नसेल, तर यंत्रास त्याची माहिती असणे संभवत नाही.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. युनिकोड ह्या संकेतप्रणालीत देवनागरीतील प्रत्येक चिन्हास स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे. ती सर्वत्र रूढ होण्यापूर्वी पुष्कळसा मराठी मजकूर अशा टंकांत तयार होत असे की, पडद्यावर देवनागरी अक्षरे दिसली तरी आत साठवण मात्र रोमन अक्षरांच्या क्रमांकांची होई. माणसास त्यात ‘हळद’ दिसे. शोधयंत्रास मात्र अर्थहीन अक्षरांची रास दिसे. मजकूर चित्राच्या रूपात टाकल्यासही असाच धोका संभवतो. चित्रातील अक्षरे यंत्रास नेमकी वाचता येतीलच असे नाही. यास्तव दरपत्रकाचे छायाचित्र लावण्यापेक्षा ते युनिकोडमध्ये लिहून काढणे केव्हाही श्रेयस्कर होय.

अलीकडे शोधयंत्रे केवळ पानांची यादी न देता प्रश्नाचे तयार उत्तरही देऊ लागली आहेत. गूगलने २०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेत अशी सोय सर्वसामान्यांसाठी सुरू केली. त्यामुळे काही ग्राहक मूळ पानापर्यंत पोहोचत नाहीत हे खरे. परंतु अशी उत्तरेही कोणीतरी लिहिलेल्या पानांच्या आधारेच तयार होतात. तेव्हा स्पष्ट व अचूक लिहिण्याची गरज ह्यामुळे कमी होत नाही, उलट वाढते.

४. एका बुडत्या व्यवसायाची हकीकत

चांगले संकेतस्थळ लहान व्यवसायास कसे तारू शकते, ह्याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात घडले. तेथे २००१ साली सुरू झालेली ‘रिव्हर पूल्स अँड स्पाज’ ही संस्था घराच्या आवारात फायबरग्लासचे पोहण्याचे तलाव बसवून देई. २००८ साली अमेरिकेत मोठे आर्थिक संकट कोसळले. घरांच्या किमती उतरल्या, कर्ज मिळणे दुरापास्त झाले, आणि पोहण्याचा तलाव ही काही जीवनावश्यक वस्तू नसल्यामुळे ग्राहकांनी दिलेली कामेही मागे घेण्यास आरंभ केला. संस्था दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर येऊन ठेपली. आकाशवाणी, दूरचित्रवाणी व इंटरनेट यांवरील जाहिरातींवर तिचे वर्षाकाठी सुमारे अडीच लक्ष डॉलर खर्च होत असत. तो खर्च चालू ठेवणे आता अशक्य होते.

संस्थेचे एक भागीदार मार्कस शेरिडन यांनी २००९ साली एक साधा उपाय योजिला. ग्राहक आजवर जे जे प्रश्न विचारीत आले होते त्यांची त्यांनी यादी केली, आणि एकेका प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर संस्थेच्या संकेतस्थळावर लिहिण्यास सुरुवात केली. फायबरग्लासच्या तलावास खर्च किती येतो? काँक्रीटच्या तलावाच्या तुलनेत त्यात कोणते दोष आहेत? त्या परिसरात हे काम करणारे अन्य चांगले व्यावसायिक कोण? व्यापारी ज्या प्रश्नांस सहसा बगल देतात, असेच हे प्रश्न होते. आपल्या मालाचे दोष सांगावयाचे व प्रतिस्पर्ध्यांची नावे आपल्याच पानावर छापावयाची, ही गोष्ट व्यापाराच्या रूढ समजुतीस सर्वस्वी विरुद्ध होती.

किमतीच्या प्रश्नाचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. प्रत्येक तलावाचा आकार, जमीन व सोयी निरनिराळ्या असल्यामुळे किंमत आधी सांगता येत नाही, असे त्या धंद्यातील बहुतेक लोक म्हणत, आणि म्हणून ते काहीच लिहीत नसत. शेरिडन यांनी एकच आकडा दिला नाही. किंमत कोणकोणत्या कारणांनी वाढते अगर कमी होते ते समजावून सांगितले व साधारण मर्यादा दिल्या. किंमत सांगता येत नसली तरी ती कशावर ठरते हे सांगता येते, हा भेद त्यांनी ओळखला. परिणाम असा झाला की, तलावाचा खर्च किती असे शोधयंत्रास विचारणाऱ्या लोकांस त्यांचेच पान प्रथम दिसू लागले. त्या एका लेखामुळे दहा लक्ष डॉलरहून अधिक किमतीची कामे मिळाल्याचे शेरिडन यांनी पुढे सांगितले. जाहिरातींवरील खर्च पूर्वीच्या सुमारे एक-दशांशावर आला. संस्था संकटातून बाहेर पडली व पुढे वाढली.

ह्या हकीकतीवरून चुकीचा बोध मात्र घेऊ नये. संकेतस्थळ उभारणाऱ्या प्रत्येकास असेच यश लाभेल असे मुळीच नाही. शेरिडन यांनी हे कार्य हाती घेतले तेव्हा त्या प्रश्नांची उत्तरे देणारे दुसरे कोणी जवळजवळ नव्हते, हे त्यांच्या यशाचे एक कारण होय. परंतु हकीकतीतील मूळ तत्त्व सर्वत्र लागू पडते. ग्राहकास वस्तू विकत घेण्यापूर्वी ज्ञान हवे असते. जो ते प्रामाणिकपणे देतो त्याच्यावर त्याचा विश्वास बसतो.

५. मालकीची जागा व भाड्याची जागा

येथे एक आक्षेप संभवतो. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप यांवर किंवा मोठ्या विक्रीस्थळांवर विनामूल्य वा अल्प खर्चात जागा मिळत असताना स्वतंत्र संकेतस्थळाचा खटाटोप कशास करावयाचा?

हा आक्षेप निराधार नाही. अशा ठिकाणी ग्राहकांची गर्दी आयतीच असते, आणि नव्या व्यावसायिकाने तिचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु ती जत्रेतील जागा आहे. जत्रेचे नियम जत्रा भरविणारा ठरवितो, भाडे तोच वाढवितो, आणि जत्रा उठली की पाल उचलावे लागते. याहू कंपनीने जिओसिटीज ही सेवा २००९ साली बंद केली व तेथील असंख्य पाने नाहीशी झाली. थोडीबहुत काही उत्साही मंडळींनी जतन करून ठेविली म्हणून वाचली. २०२० च्या जून महिन्याच्या अखेरीस भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा ज्या लहान व्यावसायिकांची ग्राहकांशी ओळख केवळ त्या ठिकाणी होती त्यांची ती ओळख एका रात्रीत तुटली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी एका तांत्रिक चुकीमुळे फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप ही तिन्ही सुमारे सहा तास जगभर बंद पडली.

सर्वांत बोधप्रद उदाहरण त्यानंतरचे आहे. गूगलने लहान व्यावसायिकांसाठी, त्यांच्या नोंदीतील माहितीवरून आपोआप तयार होणारी साधी विनामूल्य संकेतस्थळे उपलब्ध करून दिली होती. २०२४ च्या मार्च महिन्यात ती सर्व बंद करण्यात आली. त्या पत्त्यावर येणाऱ्यांस काही महिने व्यवसायाच्या गूगलवरील नोंदीकडे वळविण्यात येत असे. जूननंतर तेही थांबले. ज्यांनी आपल्या पाकिटांवर व पाट्यांवर तो पत्ता छापून घेतला होता, त्यांचा तो छापील पत्ता निरुपयोगी झाला. ह्यात कोणी कोणाची फसवणूक केली असे नव्हे. ज्याची जागा, त्याचा निर्णय, एवढेच.

स्वतःच्या डोमेन नावाची स्थिती ह्याहून वेगळी असते. सर्व्हर भाड्याचा असला तरी चालतो. तो बदलला तरी नाव तेच राहते व ग्राहक त्याच पत्त्यावर येतो. मात्र हे नावही कायमचे विकत मिळत नाही. ते ठराविक मुदतीसाठी नोंदविले जाते व मुदत संपण्यापूर्वी त्याचे नूतनीकरण करावे लागते. न केल्यास ते दुसरा कोणीही घेऊ शकतो. आणखी एक सावधगिरी अत्यंत आवश्यक होय. पुष्कळदा संकेतस्थळ तयार करून देणारा कारागीर डोमेन नाव स्वतःच्याच नावे नोंदवितो. पुढे त्याच्याशी मतभेद झाला अथवा तो धंदा सोडून गेला, म्हणजे व्यवसायाचे नाव परक्याच्या हाती राहते. घर बांधणाऱ्या गवंड्याच्या नावे सातबारा कोणी करून देत नाही; तद्वतच डोमेन नावाची नोंद मालकाच्याच नावे व मालकाच्याच पत्त्यावर असावयास हवी.

६. चांगल्या संकेतस्थळाची लक्षणे

संकेतस्थळ असणे व ते चांगले असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. चांगल्या संकेतस्थळाची प्रमुख लक्षणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(अ) आवश्यक माहिती प्रथम. व्यवसाय कोणता, कोठे आहे, केव्हा उघडा असतो, वस्तूंच्या किमती साधारण किती, संपर्क कसा साधावा, ह्या पाच प्रश्नांची उत्तरे पहिल्याच पानावर मिळावीत. संस्थापकांची स्तुती व फिरती चित्रे ह्यांस मागाहून स्थान द्यावे.

(आ) वेग. ह्याचा हिशेब शालेय गणिताने करता येतो. आधुनिक मोबाईलने काढलेले एक छायाचित्र ४ मेगाबाइट आकाराचे आहे असे समजू. एका बाइटमध्ये ८ बिट असतात. म्हणजे ते ३२ मेगाबिट झाले. ग्राहकाच्या इंटरनेटचा वेग सेकंदास ८ मेगाबिट असेल, तर ते एक चित्र येण्यास ४ सेकंद लागतील व अशी पाच चित्रे येण्यास २० सेकंद. तेच प्रत्येक चित्र लहान करून २०० किलोबाइटचे केले, तर पाचही चित्रे मिळून सुमारे १ सेकंदात येतील, आणि मोबाईलच्या लहान पडद्यावर दोहोंतील फरक डोळ्यांस फारसा जाणवणारही नाही. डॅनिश तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले आहे की, संगणकाने एक सेकंदात प्रतिसाद दिल्यास माणसाच्या विचारांची साखळी अखंड राहते. दहा सेकंदांच्या पुढे त्याचे लक्ष दुसरीकडे जाते. वीस सेकंद वाट पाहावयास लावणारे संकेतस्थळ म्हणजे दाराशी आलेल्या गिऱ्हाइकास उन्हात उभे करणारे दुकान होय.

(इ) सुवाच्यता. भारतातील बहुसंख्य लोक इंटरनेट मोबाईलवरच पाहतात. यास्तव पान प्रथम लहान पडद्यावर नीट दिसते किंवा नाही हे पाहावे. अक्षरांचा रंग व पार्श्वभूमी यांतील तेजस्वितेचे गुणोत्तर सर्वसाधारण मजकुरासाठी निदान ४.५ : १ असावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. फिकट करड्या पार्श्वभूमीवरील पांढरी अक्षरे वृद्धांस व मंददृष्टी व्यक्तींस वाचता येत नाहीत. प्रत्येक चित्रासोबत त्याचे शब्दांत वर्णन जोडल्यास, दृष्टिहीन ग्राहकाचे वाचकयंत्र ते त्यास वाचून दाखवू शकते.

(ई) विश्वासार्हता. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, २,६०० हून अधिक व्यक्तींनी संकेतस्थळांच्या विश्वासार्हतेविषयी दिलेले अभिप्राय तपासण्यात आले. त्यांपैकी सुमारे ४६ टक्के अभिप्रायांत पानाच्या बाह्य स्वरूपाचा उल्लेख होता. म्हणजे स्वच्छ, नीटनेटकी मांडणी ही केवळ सौंदर्याची बाब नव्हे. अनोळखी माणसाच्या कपड्यांवरून पहिला ग्रह व्हावा तसाच हा प्रकार आहे. परंतु पहिला ग्रह टिकवावयाचा तर पुढे खरी माहिती लागते. शब्दलेखनाच्या चुका, तीन वर्षांपूर्वीचे दर, न लागणारा दूरध्वनी क्रमांक ह्यांनी तो विश्वास तत्काळ नाहीसा होतो. जुनाट संकेतस्थळ असण्यापेक्षा नसलेले बरे, असे म्हणण्याची पाळी येते.

(उ) सुरक्षितता व कायदा. ग्राहक व सर्व्हर यांमधील संदेश सांकेतिक लिपीत नेण्याची सोय आज विनामूल्य मिळू शकते व ती असलीच पाहिजे. मात्र त्या सोयीमुळे संदेश वाटेत कोणास वाचता येत नाही एवढेच सिद्ध होते. व्यापारी प्रामाणिक आहे हे सिद्ध होत नाही, हे ग्राहकानेही ध्यानात ठेवावे. संकेतस्थळावरून प्रत्यक्ष विक्री करावयाची असेल, तर ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० यांचे पालन करावे लागते. व्यवसायाचे कायदेशीर नाव, मुख्य पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क तेथे स्पष्ट लिहावा लागतो; तक्रार आल्यास ४८ तासांत पोच देऊन एका महिन्यात तिचे निवारण करावे लागते. जुन्या पाटीचे तिसरे काम, म्हणजे जाब कोणास विचारावयाचा हे सांगणे, कायद्याने अशा रीतीने नव्या पाटीवरही आणून ठेविले आहे.

(ऊ) ग्राहकाची भाषा. आसपासच्या गावांतील ग्राहकांसाठी मराठी, अन्य राज्यांतील ग्राहकांसाठी हिंदी वा इंग्रजी, असा विचार करून भाषा निवडावी. यंत्राने केलेले भाषांतर जाणत्या माणसाकडून तपासून घेतल्याखेरीज छापू नये. विशेषतः औषधी, खाद्यपदार्थ व किमती यांविषयीचा मजकूर.

७. जगाचे लक्ष वळते तेव्हा

चांगल्या संकेतस्थळाचा उपयोग नित्याच्या ग्राहकासाठी असतो तसाच तो अनपेक्षित प्रसंगासाठीही असतो. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर ह्या आठ जिल्ह्यांत तयार होणाऱ्या कोल्हापुरी चपलेस २०१९ साली भौगोलिक उपदर्शनाचा दर्जा मिळाला. २०२५ च्या जून महिन्यात इटलीतील मिलान शहरी प्राडा ह्या प्रसिद्ध कंपनीच्या प्रदर्शनात त्याच धाटणीच्या चपला झळकल्या, परंतु त्यांच्या उगमाचा उल्लेख नव्हता. भारतात टीकेचे मोहोळ उठले. महाराष्ट्रातील व्यापारी संघटनेने पत्र धाडल्यावर, आपल्या चपलांमागील प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे त्या कंपनीने मान्य केले.

अशा वेळी दूरदेशीचा जिज्ञासू पहिला प्रश्न हाच विचारतो की, मूळ वस्तू कोण करतो व ती कोठे मिळेल? ज्या कारागिराने आपले नाव, आपले गाव, कातडे कमावण्यापासून वेणी घालण्यापर्यंतची आपली रीत आणि आपला दर नीट लिहून ठेविला असेल, तोच त्या प्रश्नास उत्तर देऊ शकतो. इतरांच्या वतीने उत्तर देतो तो मधला व्यापारी. आणि उत्तराबरोबर येणारा नफाही बहुधा त्याच्याकडेच जातो. कायद्याने दिलेला दर्जा कारागिराच्या नावाचे रक्षण करू शकतो. परंतु ते नाव ग्राहकापर्यंत पोहोचविण्याचे काम कायदा करीत नाही.

८. उपसंहार

संकेतस्थळ हे साधन आहे, जादू नव्हे. वाईट माल त्यामुळे चांगला होत नाही. उलट वाईट मालाची वार्ता अधिक लवकर पसरते. ज्या पोळीभाजी केंद्राचे सर्व ग्राहक समोरच्याच वसाहतीत राहतात व जेथे रोज सर्व पोळ्या संपतात, त्यास मोठ्या संकेतस्थळाची आवश्यकता भासणारही नाही. परंतु ज्यास नव्या ग्राहकाची अपेक्षा आहे, ज्याच्या वस्तूविषयी समजावून सांगण्याजोगे काही आहे, अशा व्यावसायिकाने निदान एक स्वच्छ पान स्वतःच्या नावे अवश्य उभारावे. आरंभी एकच पान पुरे. त्यावरील प्रत्येक शब्द खरा असावा, आणि महिन्यातून एकदा बसून तो अजूनही खरा आहे किंवा नाही हे तपासावे. दुकानदार रोज सकाळी पाटी पुसतो, त्यापेक्षा हे काम अधिक कष्टाचे नाही.

स्वाध्याय

१. आपल्या गावातील कोणतेही एक लहान दुकान निवडा. तेथे येणारे ग्राहक कोणते प्रश्न विचारतात हे दुकानदाराच्या संमतीने एक तास ऐका व दहा प्रश्नांची यादी करा.

२. त्या यादीतील प्रत्येक प्रश्नाचे उत्तर चार वाक्यांत, साध्या मराठीत लिहा. उत्तरातील प्रत्येक विधान दुकानदाराकडून तपासून घ्या.

३. एका छायाचित्राचा आकार ६ मेगाबाइट आहे व इंटरनेटचा वेग सेकंदास १२ मेगाबिट आहे. अशी तीन चित्रे येण्यास किती सेकंद लागतील? प्रत्येक चित्र ३०० किलोबाइटचे केल्यास किती लागतील?

४. ग्रंथालयातील एखाद्या ग्रंथाची शब्दसूची पाहा. शोधयंत्राची सूची व ही शब्दसूची यांतील दोन साम्ये व दोन भेद लिहा.

५. ‘स्वतःचे डोमेन नाव’ व ‘दुसऱ्याच्या स्थळावरील विनामूल्य जागा’ यांतील गुणदोषांची तुलना करा व वर्गात चर्चा करा.